गाणं संपल्यावर तो कसा असतो, ते बघा

प्रश्न एका आईचा आहे. थोडक्यात असा: "माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. घरी आला की खोलीचं दार लावतो आणि हेडफोन चढवतो. ऐकतो ती बहुतेक रडकी, निराश गाणी. कधी कधी तर नुसती आरडाओरड. अभ्यास करताना गाणी, झोपताना गाणी. पूर्वी किती बोलका होता, आता विचारलं तेवढ्यालाच उत्तर. ही गाणीच त्याला उदास करताहेत का? सरळ बंद करून टाकू का?"

गेली २२ वर्षं मी १२ ते २२ या वयातल्या मुलामुलींबरोबर समुपदेशनाचं काम करते आहे आणि वेगवेगळ्या शब्दांत हा प्रश्न सारखा कानावर येतो. म्हणून आधी उत्तर देते, कारणं नंतर. बंद करू नका. आणि तो कोणती गाणी ऐकतो यावर डोळा ठेवण्यापेक्षा ऐकून झाल्यावर तो कसा असतो, तिकडे लक्ष द्या. तेच गाणं एकाच्या मनावरचं ओझं हलकं करतं आणि दुसऱ्याची खपली काढत बसतं. गाण्याचे शब्द तपासून यातलं काहीच कळत नाही.

हे मला चूक करूनच कळलं. कामाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत असाच एक मुलगा आला होता, १५ वर्षांचा. आईवडील घाबरले होते. गाण्यांचे शब्द खरोखरच काळेकुट्ट होते, आणि मी सांगून मोकळी झाले की काही दिवस गाणी बंद ठेवून बघू. पुढच्या भेटीला तो आला तो तोंड मिटूनच. त्यानंतरच्या तीन भेटी मिळून तो दहा वाक्यंही बोलला नसेल. कित्येक महिन्यांनी त्याने सांगितलं, "आमच्याकडे रोज रात्री भांडणं व्हायची. ती ऐकू येऊ नयेत म्हणून मी गाणी लावायचो. तुम्ही तेवढंही काढून घेतलंत." त्याने स्वतःभोवती एक भिंत उभी केली होती. मी ती पाडून टाकली आणि ती कशासाठी बांधली होतीस, हे विचारलंच नाही. त्यानंतर आजतागायत मी कुणालाही गाणी बंद करा असं सांगितलेलं नाही.

या वयात गाणं इतकं भिनतं कसं, हे आधी समजून घ्या. मेंदूतली सुखाची केंद्रं किशोरवयात जोरात कामाला लागलेली असतात. त्यांना लगाम घालणारा, पुढचा-मागचा विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र जवळजवळ पंचविशीपर्यंत घडतच असतो. त्यामुळे जे काही वाटतं ते उत्कट वाटतं, आणि गाणं हे उत्कटपणाला हाताशी असलेलं सर्वांत सोपं साधन. २०११ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी स्कॅनच्या मदतीने दाखवून दिलं की आवडतं संगीत ऐकताना अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवतं. त्यातली मला फार मोलाची वाटणारी गोष्ट अशी की ते दोन टप्प्यांत स्रवतं. ती आवडती जागा आल्यावर एका भागात, आणि ती आता येणार, आता येणार म्हणून वाट बघताना, काही सेकंद आधीच, दुसऱ्या भागात. म्हणजे पाठ असलेलं गाणं शंभराव्यांदा ऐकण्यातही खात्रीचं सुख आहे. ज्या वयात शरीर बदलतंय, आवाज बदलतोय, काल जिवाभावाचा असलेला मित्र उद्या बोलेल की तोंड फिरवेल याचा भरवसा नाही, त्या वयात पुढच्या ओळीनंतर नेमकं काय येणार हे ठाऊक असणं फार आधाराचं असतं.

शिवाय "मी असा आहे" हे त्याला अजून धड सांगता येत नसतं, पण "मी हे ऐकतो" हे सांगता येतं. म्हणून त्याच्या गाण्याला "काय हा गोंगाट!" म्हटलं की ते गाण्याला लागत नाही, त्यालाच लागतं. तुमच्या स्वतःच्या सोळाव्या वर्षीचं एखादं गाणं आठवून बघा. ते कुठे ऐकलं, कोण शेजारी होतं, सगळं डोळ्यांसमोर येईल. म्हातारपणी माणसांना ज्या आठवणी सर्वांत ठळक राहतात त्या बऱ्याचशा १० ते ३० या वयातल्या असतात, असं स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे सांगतात. तुमचा मुलगा आत्ता नेमका त्या काळात आहे.

आता रडक्या गाण्यांबद्दल. उदास मुलं उदास गाणी ऐकतात, हे खरं आहे. पण तापाने फणफणलेला माणूस पांघरूण घेऊन पडलेला असतो म्हणून पांघरुणाने ताप आला असं आपण म्हणत नाही. बर्लिनमधल्या दोन संशोधकांनी ७७२ जणांना विचारलं होतं की उदास संगीत ऐकून तुम्हाला काय वाटतं. ते निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर दुःख हे नव्हतंच. ते होतं हुरहुर, गेलेल्या दिवसांची ओढ. शांत वाटतं, हळवं वाटतं, असंही पुष्कळांनी सांगितलं. उदास गाणं कुणाला तरी आपल्यासारखंच वाटतंय याचा पुरावा देतं. सोळाव्या वर्षी हा पुरावा आईवडिलांकडून घ्यायला नको वाटतो, मित्रांकडे मागायची लाज वाटते. गाण्यापुढे लाज वाटत नाही.

आरडाओरडीच्या गाण्यांचंही तेच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात १८ ते ३४ वयाच्या ३९ जणांना, जे मुळातच हेवी मेटलसारखं संगीत ऐकणारे होते, आधी राग आणणारे प्रसंग आठवायला लावले आणि मग काहींना त्यांचं आवडतं संगीत ऐकू दिलं, काहींना नुसतं शांत बसवलं. राग दोन्ही गटांचा उतरला. संगीत ऐकणाऱ्यांना वर थोडी उमेदही वाटत होती. अभ्यास छोटा आहे आणि त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण मी रोज जे बघते त्याच्याशी तो जुळतो. तुमचं डोकं उठवणारं गाणं त्याचं डोकं शांत करत असेल, अशी शक्यता धरून चाला.

म्हणजे सगळं आलबेल आहे का? नाही. गाण्याने खरोखर नुकसान होताना मी पाहिलं आहे, फक्त ते पालकांना भीती वाटते त्या मार्गाने होत नाही.

एक मुलगी आठवते, १७ वर्षांची. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पहिल्या दोन भेटींत हो, नाही, माहीत नाही, यापलीकडे काही बोलली नव्हती. तिसऱ्या भेटीला मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "बाहेर बसली होतीस तेव्हा काय ऐकत होतीस?" तिने मला नीट निरखून घेतलं आणि एक इयरफोन माझ्याकडे केला. वायर आखूड होती, त्यामुळे आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून बसलो. संथ गाणं. मागे नुसता पियानो आणि एका बाईचा दबका आवाज. ऐकता ऐकता माझी नजर तिच्या अंगठ्याकडे गेली. तो स्क्रीनच्या कडेला टेकून तयारीत होता. शेवटच्या कडव्याला सूर वर चढायला लागला, तसा तिने अंगठा सरकवून गाणं परत सुरुवातीला नेलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. तिने ते गाणं एकदाही संपू दिलं नाही.

"पुढे काय आहे?" मी विचारलं.

"पुढे ती म्हणते, आता बरं वाटतंय."

"मग?"

"मग मला ते खोटं वाटतं. आणि गाणं संपलं की एकदम सगळं शांत होतं. तेव्हा डोक्यात विचार सुरू होतात."

याला मी उगाळणं म्हणते. दुःख व्यक्त करणं वेगळं आणि तेच दुःख सहाणेवर घासत बसणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात: मूल, बंद खोली, तेच गाणं. फरक शेवटी कळतो. पहिल्यात रडून झालं की मूल बाहेर येतं, भूक लागली म्हणतं, कुणाला तरी फोन करतं. दुसऱ्यात दोन तासांनी ते आधीपेक्षा जास्त मलूल असतं आणि तरीही हेडफोन काढवत नाही.

त्या मुलीबरोबर पुढे आम्ही एक अगदी साधी गोष्ट केली. दिवसातून एकदा, उजेड असताना, ते गाणं शेवटपर्यंत ऐकायचं आणि संपल्यावर एक मिनिट तसंच बसून राहायचं. पहिल्या आठवड्यात तिला ते दोनदाच जमलं. त्या एका मिनिटात डोक्यात काय येतं ते ती हळूहळू सांगायला लागली आणि खरं काम तिथून सुरू झालं. त्या कामाचा गाण्याशी संबंध नव्हता. मानसोपचारतज्ज्ञांची औषधंही तिला लागली. ती गाण्याने बरी झाली असं मी म्हणत नाही. गाण्यामुळे मला दार सापडलं, एवढंच.

फिनलंडमधल्या यिवास्किला विद्यापीठाच्या सूवी सारिकॅलिओ यांचं बरंच काम नेमकं यावर आहे. किशोरवयीन मुलांशी बोलून त्यांनी २००७ मध्ये मांडलं की मुलं आपला मूड सांभाळण्यासाठी संगीत सात तऱ्हांनी वापरतात: करमणूक म्हणून, थकवा घालवायला, भारावून जायला, लक्ष दुसरीकडे वळवायला, मनातली वाफ बाहेर काढायला, एखाद्या गोष्टीचा विचार करायला आणि दिलासा मिळवायला. पुढे २०१५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. मुलाचं गाणी ऐकणं निकोप आहे की घातक, याचा अंदाज तिच्यावरून येतो. तिच्यात गाण्याचा प्रकार विचारलेलाच नाही. गाणं ऐकल्यावर बरं वाटतं का, वाईट आठवणींत अडकायला होतं का, लोकांना टाळण्यासाठी गाण्यात लपतोस का, असे प्रश्न आहेत. मी मुलांना हेच माझ्या शब्दांत विचारते, आणि अनुभव असा की ती अगदी प्रामाणिक उत्तरं देतात, कारण हे त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

मग करायचं काय? उदास मुलाला आनंदी गाणी लावून द्यायची, ही पहिली कल्पना सगळ्यांना सुचते आणि ती बहुतेक वेळा फसते. गळ्याशी रडू दाटलेलं असताना कुणी "हस बघू" म्हटलं तर कसं वाटेल? संगीतोपचारात यावर एक जुना, साधा उपाय आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी तो मांडला: संगीत आधी माणसाच्या आत्ताच्या मनःस्थितीशी जुळवायचं आणि मग पायरीपायरीने जिथे न्यायचं तिकडे वळवायचं. घरी त्याचं रूप म्हणजे पाच-सहा गाण्यांची एक यादी. पहिली दोन आत्ता जसं वाटतंय तशी, मधली दोन थोडी मोकळी, शेवटची एक-दोन जिथे पोहोचावंसं वाटतं तिथली. यादी मुलानेच करायची, तुम्ही एकही गाणं सुचवायचं नाही. आणि ती तब्येत बरी असताना करून ठेवायची, कारण मन बुडालेलं असताना निवडण्याची ताकद नसते. एक गोष्ट मात्र नक्की करायला सांगा: ऑटोप्ले बंद. एका उदास गाण्यापाठोपाठ ॲप तशाच जातीचं दुसरं लावतं, मग तिसरं. तिथे मूल निवडतच नाही, वाहत जातं.

संगीतोपचार हा शब्द आलाच आहे तर त्याबद्दल थोडं. आपण आपलं गाणं ऐकणं आणि प्रशिक्षित उपचारकाबरोबर वाजवणं, गाणं, त्यावर बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नैराश्यावरच्या संगीतोपचाराचा कॉक्रेन या, उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये आढावा घेतला. ९ अभ्यास, ४२१ रुग्ण. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर निदान थोड्या काळासाठी फायदा होतो, असं त्यातून दिसलं. त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधल्या २५१ मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीला मुलांची स्वतःबद्दलची भावना सुधारली, नैराश्य कमी झालं, पण काही महिन्यांनी तो फरक टिकलेला दिसला नाही. दुसरी गोष्ट मी पालकांना मुद्दाम सांगते. संगीताची जोड देता येते. त्याच्यावर विसंबून औषधं किंवा समुपदेशन थांबवायचं नसतं.

"अमुक कंपनसंख्येचं संगीत लावा, चिंता जाईल", "मोझार्ट ऐकवा, बुद्धी वाढेल" यांच्या मागे लागू नका. मोझार्टचा तो गाजलेला प्रयोग १९९३ चा, ३६ कॉलेजविद्यार्थ्यांवरचा. आकार मनातल्या मनात कल्पून बघण्याच्या एका चाचणीत थोडी सुधारणा दिसली आणि तीही दहा-पंधरा मिनिटंच टिकली. एवढ्याशा गोष्टीचं पुढे काय काय झालं!

त्यापेक्षा मुलाला स्वतः गाता-वाजवता आलं तर फार चांगलं, विशेषतः इतरांबरोबर. ऑक्सफर्डमधल्या एका अभ्यासात नव्याने सुरू झालेले गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे वर्ग सात महिने पाहिले. शेवटी सगळ्याच वर्गांत माणसं एकमेकांच्या जवळ आली, पण गाणाऱ्यांची गट्टी सर्वांत लवकर जमली. तो अभ्यास मोठ्या माणसांवरचा होता. तरी बुजऱ्या मुलांच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे: बोलायला तोंड उघडत नाही, पण सगळ्यांबरोबर सूर लावायला उघडतं. मात्र त्यात लगेच स्पर्धा, बक्षिसं, व्हिडिओ आणि लाइक आणले की विसाव्याची जागा परीक्षेची होते. गाणं सोडून दिलेली किती तरी मुलं मला भेटली आहेत, ज्यांना गाणं आवडायचं थांबलेलं नव्हतं.

तुमच्या पत्रातल्या उरलेल्या गोष्टी पटकन सांगते. अभ्यास: वाचून समजून घ्यायचं असेल, पाठ करायचं असेल तर शब्द असलेली गाणी अडथळाच आणतात, मेंदूला दोन्हीकडच्या शब्दांशी झुंजावं लागतं. गणितं सोडवताना, चित्र काढताना तितकं बिघडत नाही. झोप: संथ संगीताने मोठ्यांची झोप सुधारते असा बऱ्यापैकी पुरावा आहे, पण टाइमर लावून, हेडफोनशिवाय, हळू आवाजात. फोन उशाशी नको. गाणं लावायला म्हणून उचललेला फोन गाण्यावर थांबत नाही. आवाज: जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. ८० ला ४० तास, तर ८३ ला २०. बऱ्याच फोनमध्ये हे मोजण्याची सोय असते. कानात सतत गुंई आवाज येत राहणं हे स्वतःच झोप आणि मन दोन्ही पोखरतं, म्हणून हा विषय मनाच्या बाहेरचा समजू नका.

आता जे नीट वाचायला हवं ते. १० ते १९ या वयात दर सातांपैकी एकाला काही ना काही मानसिक आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा "वयच तसं आहे" म्हणून सगळं सोडून देऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी किंवा चिडचिड रोजची झाली असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, मित्र तुटत चालले असतील, तर तज्ज्ञांना दाखवा. आणि एक खूण पालकांच्या हमखास नजरेतून सुटते: हेडफोन अचानक पडून राहणं. ज्या गाण्यांवाचून चैन पडत नव्हतं ती नकोशी होणं. आईवडिलांना हायसं वाटतं, "चला, गाणी सुटली एकदाची." मला मात्र तेव्हा जास्त काळजी वाटते, कारण आवडीची गोष्टही आवडेनाशी होणं हे नैराश्याचं मुख्य लक्षण आहे.

जगण्यात अर्थ नाही, मी नसलो तर बरं, अशा अर्थाचं काही तो बोलला, लिहिलं, किंवा जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकायला लागला, तर गाण्यांची चर्चा बाजूला ठेवा आणि सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का तुला?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, कुणीतरी विचारलं याने मुलं मोकळी होतात. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा रुग्णालयात घेऊन जा.

तुम्ही लिहिलेल्यावरून तशी वेळ आलेली दिसत नाही. पण तो बोलायचा कमी झालाय हे तुम्ही टिपलंत, ते महत्त्वाचं आहे, आणि तिथे पोहोचायची वाट त्या हेडफोनमधूनच आहे. आज-उद्या, तो जरा बऱ्या मूडमध्ये असताना, दार वाजवून आत जा आणि म्हणा, "तुझं सध्याचं आवडतं एक गाणं ऐकव ना." तो म्हणेल, "तुला नाही आवडणार." "नाही आवडलं तर सांगेन," म्हणा आणि शेजारी बसा. शब्दांवरून उलटतपासणी नको, "एवढं दुःखी का ऐकतोस" नको. त्याने विचारलंच तर खरं सांगा. खोटं कौतुक मुलं लगेच ओळखतात. फार तर एवढं विचारा, "यातली तुझी आवडती जागा कोणती?" पहिल्या दिवशी तो काही सांगणार नाही. माझ्याकडची मुलं साधारण तिसऱ्या-चौथ्या गाण्याला बोलायला लागतात. तोवर रोज एक गाणं ऐका, पूर्ण, आणि ते चालू असताना स्वतःचा फोन हातात घेऊ नका.